जर्मनीत रिसर्चला आलात? पहिल्या तीन महिन्यांतली कामं कुठल्या क्रमाने करायची

दर ऑक्टोबरला आणि एप्रिलला माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात. "अगं, पगारातून अर्धे पैसे कापले गेले", "बँक म्हणते अनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी) आण", "घरमालक म्हणतो अनमेल्डुंग नाही देणार", "व्हिसा पुढच्या आठवड्यात संपतोय आणि अपॉइंटमेंटच नाहीये". कामं सगळे करतात हो, पण क्रम चुकतो, आणि इथे एक कागद दुसऱ्या कागदावर लटकलेला असतो, त्यामुळे पहिला चुकला की पुढचे पाच अडकतात.

हे लिहिताना मी धरून चाललेय की तुम्ही पीएचडी किंवा पोस्टडॉकला येताय, नॅशनल म्हणजे डी व्हिसा घेऊन येताय आणि सुरुवातीला एकटेच आहात. लेक्चर्सवाले मास्टर्सचे विद्यार्थी असाल तर विम्याचा भाग तुमच्यासाठी वेगळा आहे, बाकी चालेल.

## १. भारतातून निघण्याआधी

सगळ्यात आधी नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन डब्यांची गाडी असते, आणि पासपोर्टवर पहिले दोन डबे बऱ्याचदा गिव्हन नेममध्ये एकत्र बसलेले असतात. इथल्या ऑफिससाठी ते दोन्ही तुमची पहिली नावंच. म्हणजे पासपोर्टवर प्रिया सुरेश असेल तर तुम्ही इथे कागदोपत्री प्रिया सुरेशच, सुरेश हे मधलं नाव वगैरे कुणी ऐकत नाही. ठीक आहे, त्याने काही बिघडत नाही, बिघडतं कधी, तर काँट्रॅक्टवर फक्त प्रिया, विम्यावर प्रिया एस. आणि बँकेत तिसरंच काहीतरी असतं तेव्हा. पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच सगळीकडे लिहायचं. आणि पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर ते भारतातच दुरुस्त करून या, इथे येऊन नको.

दुसरं, पैसे. टीव्ही-एलचा, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीच्या ठरलेल्या वेतनश्रेणीचा, पगार महिन्याच्या शेवटी येतो, आगाऊ नाही. त्यात पहिल्या महिन्यात पे-रोलची तारीख हुकली तर दोन महिन्यांचा एकदम मिळतो. तोपर्यंत भाडं, डिपॉझिट, तिकिटं, पलंगाची गादी, सगळं खिशातून. स्कॉलरशिपवाल्यांनीही पहिला हप्ता पहिल्या दिवशी येईल असं गृहीत धरू नये. दोन महिन्यांचा खर्च आणि डिपॉझिट एवढं हाताशी असू द्या.

तिसरं, भारतातला फोन नंबर. हा लोक हमखास विसरतात. बँकेचा ओटीपी, इन्कम टॅक्सचा ओटीपी, आधारचा ओटीपी सगळे त्याच नंबरवर, आणि रिचार्ज संपून नंबर गेला की भारतात कुणीतरी प्रत्यक्ष बँकेत जाऊनही काम होत नाही, कारण सही तुमची लागते. निघायच्या आधी एसएमएस तरी येईल एवढं रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख आईबाबांच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, काळ्या पेनने. सेव्हिंग अकाउंट एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करायचं कामही याच खात्यात येतं. परदेशात नोकरीला गेल्यावर साधं सेव्हिंग तसंच चालू ठेवणं फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. पीपीएफ आधीचं असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही.

डिग्र्या ओरिजिनल हँडबॅगेत. जन्मदाखला, लग्न झालं असेल तर तो दाखला. अपोस्टिलवर, म्हणजे कागद परदेशात चालावेत म्हणून मारून घ्यायच्या सरकारी शिक्क्यावर, आधीच पैसे घालू नका, कुठल्या ऑफिसला काय हवंय ते आधी ईमेलवर विचारा, कारण भारतातल्या कागदांसाठी इथे बऱ्याचदा वेगळी पडताळणी मागतात. आणि कुकरची रिंग आणि शिट्टी जास्तीची आणा, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, काचेच्या साध्या इलेक्ट्रिक शेगडीवर चालतो, तर घर बघून ठरवा. मिक्सर चालतो, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त पिनेचा ॲडाप्टर लागतो.

चेक: पासपोर्ट, व्हिसा, काँट्रॅक्ट, विमा, चारही कागद शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवलं का?

## २. पहिलं छप्पर, पण कुठलंही नाही

इथे सगळ्यात महाग चूक होते. लोक पहिल्या महिन्यासाठी स्वस्त हॉलिडे फ्लॅट घेतात आणि म्हणतात तिथे बसून शांतपणे घर शोधू. पण तिथे पत्ता नोंदवू देत नाहीत, पत्ता नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, रेसिडेन्स परमिटची फाइल हलत नाही. म्हणून पहिला महिना युनिव्हर्सिटीचं किंवा इन्स्टिट्यूटचं गेस्ट हाउस बघा, आणि काँट्रॅक्ट हातात पडल्या पडल्या बघा, कारण यादी लांब असते. नाहीच मिळालं तर सबलेट, म्हणजे भाडेकरूकडून पोटभाड्याने, घ्या पण पैसे द्यायच्या आधी एकच प्रश्न लेखी विचारा: "इस्ट डी अनमेल्डुंग म्योग्लिश?" पत्ता नोंदवता येईल का. उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या, कितीही सुंदर बाल्कनी असली तरी.

फसवणुकीचा नमुना ठरलेला आहे. फ्लॅट भारी, भाडं कमी, मालक कुठेतरी परदेशात, चावी कुरियरने पाठवणार, तुम्ही आधी डिपॉझिट भरा. भरू नका. स्वतः जाऊन बघता येत नसेल तर तिथल्या लॅबमधल्या कुणालातरी पाठवा, इथे लोक हे करतात, ओशाळायचं कारण नाही.

भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग आणि सोसायटीचा खर्च मिळवून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर. डिपॉझिट कायद्याने काल्टमीटेच्या तिप्पटपर्यंतच घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क तुम्हाला आहे. आणि "अनफर्निश्ड" याचा अर्थ नीट विचारा, कारण बऱ्याच फ्लॅटमध्ये किचन म्हणजे भिंतीतून डोकावणारा एक नळ आणि प्लग एवढंच असतं, ओटा, शेगडी, सिंक, काही नाही. माझ्या पहिल्या खोलीत तर छतातून दोन वायरी लोंबत होत्या, दिवा आधीचा माणूस घेऊन गेला होता.

चावी घेताना युबरगाबेप्रोटोकोल करतात, म्हणजे घराच्या स्थितीचा कागद. घाई करू नका. प्रत्येक ओरखडा, खिडकीचं बिजागर, बाथरूमचा कोपरा, मीटरचे आकडे, सगळ्याचे फोटो काढा आणि त्याच दिवशी स्वतःलाच ईमेल करा. दोन-तीन वर्षांनी डिपॉझिट परत घेताना हाच कागद बोलतो.

सावधान: मालकाची वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे "हा माणूस माझ्याकडे राहायला आलाय" असं सहीचं पत्र, चावीबरोबरच मागून घ्या. काँट्रॅक्टची कॉपी त्याऐवजी चालत नाही. बरेच जण काउंटरवरून हात हलवत परत येतात ते याचमुळे.

## ३. टपालाच्या डब्यावर नाव, पहिल्याच दिवशी

हे एवढं छोटं आहे की याला वेगळा आकडा का दिला असं वाटेल. देणारच. जर्मनीत फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन डब्यावरचं आडनाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. कुणी बेल वाजवून शोधत बसत नाही. आणि इथे सगळं महत्त्वाचं टपालानेच येतं, टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचं पिन वेगळं आणि कार्ड वेगळं.

मी पाच आठवडे टॅक्स नंबरची वाट बघितली, एचआरला तीन मेल केले, सगळ्यांना दोष देऊन झाला, आणि मग शेजारच्या आजींनी मला डब्याशी हात धरून नेलं आणि बोट दाखवलं. तिथे अजून आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. त्यांनीच वर जाऊन लेबलची पट्टी आणि कात्री आणली.

घरमालकाची पितळी पाटी यायला वेळ लागतो, तोपर्यंत कागदावर ठळक लिहून वरून पारदर्शक टेप. पासपोर्टवरचं आडनाव, जसंच्या तसं. दुसऱ्याच्या घरात सबलेटवर असाल तर पत्त्यात आधी तुमचं नाव, मग "बाय" (bei, म्हणजे यांच्याकडे) आणि मुख्य भाडेकरूचं आडनाव. बेलवरही नाव लावा, पार्सलवाला तेच बघतो.

## ४. अनमेल्डुंग

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा, असा कायदा आहे. ऑफिसचं नाव शहरागणिक बदलतं, ब्युर्गरआम्ट, ब्युर्गरब्युरो, काहीही. अपॉइंटमेंट भारतातूनच ऑनलाइन घ्या. बर्लिनसारख्या शहरात चौदा दिवसांतली तारीख मिळणं अवघड, पण तिथे शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये नोंदवता येतं, स्वतःच्याच भागात पाहिजे असं नाही, आणि सकाळी रद्द झालेल्या तारखा दिसतात. उशीर झालाच तर अपॉइंटमेंट कधी घेतली त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

पासपोर्ट, मालकाचं पत्र, भरलेला फॉर्म. एवढंच.

फॉर्ममध्ये धर्माचा एक रकाना असतो आणि तिथे आपले लोक सवयीने काहीतरी लिहून टाकतात. तो माहितीसाठी नाही, टॅक्ससाठी आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चची नोंद झाली की चर्च टॅक्स सुरू, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये इन्कम टॅक्सच्या ८ टक्के, बाकी ठिकाणी ९ टक्के. पगाराच्या नाही, टॅक्सच्या, पण तरी दर महिन्याला. हिंदू लिहिलंत तर काही होत नाही. वसईच्या, गोव्याच्या मंडळींनी मात्र तिथे काय लिहायचं ते आधी घरी बसून ठरवावं, कारण नंतर बाहेर पडायचं म्हणजे वेगळ्या ऑफिसात जाऊन रीतसर चर्च सोडल्याची नोंद करावी लागते. माझ्या लॅबमधल्या वसईच्या मुलीला हे पहिल्या सॅलरी स्लिपवर कळलं.

चेक: काउंटरवरच छापून मिळालेला कागद तिथेच उभं राहून वाचा. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, घर नंबर. इथली चूक पुढे टॅक्स ऑफिस, पेन्शन, सगळीकडे आपोआप जाते आणि मग पाच ठिकाणी दुरुस्त करत बसावं लागतं. मागे मोठी रांग आहे म्हणून लाजू नका.

## ५. विमा आणि बँक

विम्यासाठी पहिला प्रश्न असा की तुमच्याकडे नोकरीचं काँट्रॅक्ट आहे की स्टायपेंड. लोकांना वाटतं पैसे तेवढेच मिळतात मग फरक काय. फरक खूप आहे.

काँट्रॅक्ट असेल तर तुम्ही नोकरदार, सरकारी पद्धतीच्या क्रांकेनकासेत, म्हणजे आरोग्य विमा संस्थेत, सरळ प्रवेश. टीके, एओके, बार्मर, कुठलीही निवडा, मूळ दर सगळीकडे सारखाच, १४.६ टक्के, वरचा जादा हप्ता थोडा कमी-जास्त, आणि दोन्हीतलं अर्धं मालक भरतो. निवड करताना एवढंच बघा की इंग्रजीत फोन उचलतात का. मेंबरशिपचा अर्ज भारतातूनही करता येतो आणि करावाच, कारण एचआर पहिल्या दिवशी तेच मागतं.

स्टायपेंड असेल तर तुम्ही कागदोपत्री नोकरदार नाही, मालकाचा वाटा नाही, सरकारी विम्यात आपोआप प्रवेशही नाही. इथेच एजंट लोक महिन्याला थोडक्या पैशात "एक्सपॅट पॉलिसी" विकतात. ती पहिल्या काही आठवड्यांची सोय म्हणून ठीक, पण परमिटच्या वेळी ऑफिस ती मान्य करेलच असं नाही, आणि एकदा प्रायव्हेटच्या रस्त्याला लागलात की सरकारीत परत येणं कठीण. म्हणून स्टायपेंडवाल्यांनी पॉलिसीवर सही करायच्या आधी इन्स्टिट्यूटच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं, एजंटला नाही. आणि काँट्रॅक्ट शक्य आहे का हेही विचारून बघा, विचारायला पैसे पडत नाहीत. डीएएडीसारख्या स्कॉलरशिपमध्ये विमा आतच असतो, पत्र नीट वाचा.

सावधान: व्हिसासाठी काढलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स कुठल्या तारखेला संपतो आणि इथला कुठल्या तारखेला सुरू होतो ते बघा. नोकरी १ तारखेला सुरू आणि तुम्ही आधीच्या महिन्याच्या २२ ला उतरताय, तर मधल्या आठवड्याचं काय?

बँक त्यामानाने सोपी. काही ऑनलाइन बँका फक्त पासपोर्टवर खातं उघडतात, काही नोंदणीचा कागद मागतात, म्हणून चौथी पायरी आधी. आयबॅन, म्हणजे इथला खाते नंबर, मिळाला की त्याच दिवशी एचआरला पाठवा आणि पे-रोलची शेवटची तारीख विचारा. तो कट-ऑफ गेला की गेला, कितीही गोड बोला.

जाता जाता, हाफ्टफ्लिश्ट म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, तो घेऊन टाका. वर्षाला थोडेसे पैसे असतात. घेताना चावी हरवणं त्यात धरलंय का तेवढं बघा, कारण इथे एका चावीने घर आणि बिल्डिंगचं मुख्य दार दोन्ही उघडत असतं, आणि ती हरवली तर कधीकधी सगळ्या बिल्डिंगची कुलपं बदलायचं बिल येतं. लॅबची चावीही त्यात येते का ते विचारा.

## ६. मग टपाल यायला लागतं

एक जाड फाइल विकत घ्या, दोन भोकांची. हसू नका. तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षीचं पत्र मागतात.

टॅक्स नंबर, म्हणजे श्टोयर-आयडी, ११ आकडी, नोंदणीनंतर दोन ते चार आठवड्यांत येतो. हा जन्मभराचा, शहर बदललं तरी तोच. लगेच एचआरला द्या. तो वेळेत पोचला नाही तर पगार सहाव्या, म्हणजे सगळ्यात जास्त कापणाऱ्या, टॅक्स क्लासमध्ये जाऊ शकतो आणि सुरुवातीला सांगितलेला "अर्धे पैसे कापले" वाला फोन तिथूनच येतो. घाबरू नका, नंबर दिल्यावर पुढच्या पगारात किंवा वर्षअखेरीच्या टॅक्स रिटर्नमध्ये ते परत येतात, पण तोपर्यंत भाडं कशाने देणार?

पेन्शनचा नंबर वेगळा, तो नोकरी सुरू झाल्यावर येतो. दोन्ही नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कागद फाइलला.

मग एक पत्र येतं रुंडफुंकबाइट्रागचं, म्हणजे रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो. आपल्याला वाटतं फ्रॉड आहे, टीव्हीच नाही माझ्याकडे, आणि पत्र कचऱ्यात. फ्रॉड नाहीये. टीव्ही असो नसो, घरामागे भरावीच लागते, आणि उशिरा भरली तरी राहायला आल्या तारखेपासून लावतात. पण ती घरामागे आहे, माणसामागे नाही. शेअरिंगमध्ये राहत असाल तर घरातला कोण भरतो त्याचा वर्गणी नंबर घ्या आणि तो टाकून उत्तर द्या, संपलं. उत्तर मात्र द्यायचंच.

आता एक असं काम जे कुणी सांगत नाही. युनिव्हर्सिटीच्या काँट्रॅक्टवर व्हीबीएल नावाची जादा पेन्शन कापली जाते, आणि तिच्या नेहमीच्या प्रकारात ६० महिने भरल्याशिवाय पेन्शनचा हक्क मिळत नाही. रिसर्चवाल्यांची मुदतीची काँट्रॅक्टं तेवढी कुठली लांब असायला. अशांना त्यातून सूट घेऊन दुसऱ्या प्रकारात, व्हीबीएल एक्स्ट्रामध्ये, जाता येतं, पण अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून दोन महिन्यांतच करायचा. पहिल्या दिवशी एचआर जो कागदांचा गठ्ठा देतं त्यात तो फॉर्म असतो, मधोमध, जर्मनमध्ये. तुम्ही किती वर्षं राहणार याचा अंदाज घेऊन ठरवा, पण न वाचता सोडू नका.

## ७. रेसिडेन्स परमिट

अनमेल्डुंग झाली त्याच संध्याकाळी औसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी लोकांच्या परमिटच्या ऑफिसची, अपॉइंटमेंट मागा. व्हिसाला अजून चार महिने आहेत म्हणून थांबू नका, मोठ्या शहरांत तारीखच तेवढी लांब मिळते.

लागतं काय, तर पासपोर्ट, नोंदणीचा कागद, काँट्रॅक्ट किंवा स्टायपेंडचं पत्र, इन्स्टिट्यूटबरोबरचा होस्टिंग ॲग्रीमेंट, विम्याचं पत्र, भाड्याचा करार, आणि साधारण १०० युरो फी. विम्याचं नुसतं कार्ड नेऊ नका, क्रांकेनकासेच्या वेबसाइटवरून मेंबरशिपचं पत्र काढा. फोटोची थप्पी भारतातून आणायची गरज उरली नाही, मे २०२५ पासून डिजिटल फोटोचीच पद्धत आहे.

मुख्य नियम एवढाच लक्षात ठेवा की अर्ज व्हिसा संपायच्या *आधी* पोचला पाहिजे. अपॉइंटमेंट नंतरची असली तरी चालेल, अर्ज आधी हवा, आणि त्याची पोच तुमच्याकडे हवी. मग कार्ड येईपर्यंत फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा घडीचा कागद मिळतो.

सावधान: डिसेंबरात भावाचं लग्न आहे म्हणून तिकीट काढून बसू नका. तो घडीचा कागद घेऊन जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं की नाही ते त्यावर कुठल्या चौकटीत खूण केलीये त्यावर ठरतं. काउंटरवर बोट ठेवून विचारा, आणि वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलणार असाल तर तेही सांगा.

## ८. पक्कं घर मिळालं की

आता तुम्ही गेस्ट हाउस किंवा सबलेट सोडून खऱ्या घरात चाललात. इथे जुनं घर सोडायची चूक होते. बेमुदत भाडेकरार असेल तर साधारण तीन महिन्यांची नोटिस लागते, आणि ती कागदावर, पेनने सही केलेली. ईमेल चालत नाही, व्हॉट्सॲप तर नाहीच. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरतात. चौथ्या दिवशी पोचली की एक महिना जादा भाडं. म्हणून रजिस्टर पोस्टने किंवा हातात देऊन पोच घ्या. गेस्ट हाउसचे नियम वेगळे असतात, ते वाचा.

ड्रिलिंग, कपाटं जोडणं सगळं शनिवारपर्यंत उरका. रविवारी आवाज चालत नाही आणि दुकानंही बंद असतात, म्हणजे स्क्रू कमी पडला तर सोमवारपर्यंत जमिनीवर झोपायचं.

नवीन पत्त्यावर पुन्हा १४ दिवसांत नोंदणी, मग बँक, क्रांकेनकासे, एचआर, औसलेंडरबेहोर्डे, रुंडफुंकबाइट्राग या सगळ्यांना पत्ता कळवायचा. आणि पोस्टाकडे जुन्या पत्त्यावरचं टपाल नव्याकडे वळवायचा अर्ज, तो पैसे भरून ऑनलाइन होतो, निघायच्या आठवडाभर तरी आधी करा. मी तो केला नव्हता. मग एका संध्याकाळी जुन्या घरी जाऊन अनोळखी माणसाची बेल वाजवावी लागली. त्याने दार उघडलं, माझं नाव ऐकलं, काही न बोलता आत गेला आणि फ्रिजवरून माझी तीन पत्रं आणून दिली. त्यातलं एक परमिटचं होतं.